काळी मारबत आली कुठून? बाकाबाईंची गोष्ट आणि तिच्या आधीचं

जुनीशुक्रवारी

पोळा जवळ आला की मारबतीवर दरवर्षी तोच मजकूर छापून येतो आणि तो मला दरवर्षी कमी पटतो. म्हणून हा धागा.

नागपूरबाहेरच्यांसाठी आधी थोडक्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, जुन्या नागपुरातून दोन अवाढव्य बायकांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. एक काळी मारबत, एक पिवळी मारबत. काळी इतवारीतल्या नेहरू पुतळ्याकडची, पिवळी जागनाथ बुधवारीची. त्यांच्यासोबत बडगे असतात, म्हणजे पुरुषांचे पुतळे. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा गजर करत सगळी वरात इतवारी-महालातून फिरते आणि शेवटी या बायांना अग्नी दिला जातो. काळीची सुरुवात १८८१ ची आणि पिवळीची १८८५ ची सांगतात. पुण्यातला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा, म्हणजे आपली मारबत त्याहून जुनी.

आता छापून येणारी गोष्ट. काळी मारबत म्हणजे भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाई. त्या इंग्रजांना मिळाल्या, म्हणून चिडलेल्या लोकांनी त्यांचा काळा पुतळा करून जाळला, आणि तेव्हापासून ही प्रथा पडली.

मला खटकतं ते इथे. बाकाबाई या दुसऱ्या रघुजींच्या पत्नी. रघुजी १८१६ ला गेले. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून हरले आणि पुढच्या वर्षी लहानग्या तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवलं. त्यांच्या नावानं बाकाबाईंनी वाड्याचा कारभार पाहिला, पण राज्य खऱ्या अर्थानं इंग्रजांचा रेसिडेंट जेन्किन्सच चालवत होता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले. औरस मुलगा नव्हता, दत्तक डलहौसीनं मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं. वाड्यातलं सामान काढायला माणसं आली तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईंनी वाड्यालाच आग लावायची धमकी दिली, हे के या इंग्रज इतिहासकारानं लिहून ठेवलंय. १८५७ मध्ये मात्र त्यांनी उठावाला साथ दिली नाही आणि आपल्या माणसांनाही शांत ठेवलं. पुढच्या वर्षी त्या वारल्या.

१८५८ ला गेलेल्या बाईचा पुतळा १८८१ मध्ये? मध्ये तेवीस वर्षं गेली. राग होता तर १८५७ लाच, नाहीतर खालसा झालं त्या साली निघायला हवा होता.

माझं मत असं, की मारबत आधीची आणि बाकाबाईंचं नाव तिला नंतर चिकटलं. पण मत असून भागत नाही. तुमच्या घरी, गल्लीत, गावात मारबतीबद्दल काय सांगतात ते लिहा. गाव आणि जिल्हा नक्की लिहा, त्यावरच सगळं अवलंबून आहे.

बुधवारीकर

भाऊ, धागा चांगला काढला. मी पिवळीच्या वस्तीतला, म्हणून तिच्या बाजूनं बोलतो.

आमच्याकडे तिला कोणी पुतळा म्हणत नाही. माय म्हणतात. तऱ्हाणे तेली समाजानं ही मारबत १८८५ ला सुरू केली आणि आजही समाजच काढते. मिरवणुकीच्या आधी काही दिवस ती दर्शनाला असते. बाया ओटी भरतात, नवस बोलतात, तान्ह्या लेकराला तिच्या पायाशी ठेवतात. सर्दी-खोकला, ताप, नजर सगळं ती आपल्या अंगावर घेते आणि जाते, असं आमच्या आजीनं सांगितलं. आजी बाकाबाईचं नाव घेत नव्हती. पूतनेचं घ्यायची. कृष्णानं पूतनेला मारलं, मग गोकुळातल्या लोकांनी तिला ओढत गावाबाहेर नेलं आणि जाळलं, तीच ही मारबत.

वर्तमानपत्रवाले 'वाईट प्रवृत्तीचं दहन' लिहितात तेव्हा वाईट वाटते. जिची आठवडाभर पूजा केली तिला कोणी वाईट प्रवृत्ती म्हणते का? ती आपल्यासाठी जळते. मिरवणूक वस्तीतून निघते तेव्हा म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी असते, हे बाहेरून फोटो काढायला येणाऱ्यांना दिसत नाही.

झाडीची_लेक

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीकडचं. नागपूरची मारबत मी लग्नानंतर पाहिली आणि पहिल्यांदा पाहिली तेव्हा गजर ऐकूनच थांबले. हा गजर तर आमच्या गावचा! फक्त आमच्याकडे पुतळा नसतो.

जुनीशुक्रवारी, तुम्ही गाव लिहा म्हणालात म्हणून सविस्तर लिहिते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून बैलाच्या मानेवर जो घट्टा पडतो ना, त्याला तूप आणि हळद लावतात आणि पळसाच्या पानानं शेकतात. शेकताना बैलाला निमंत्रण देतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या'. माझे वडील हे बैलाच्या कानाजवळ वाकून, अगदी पाहुण्याला बोलावतात तशा आवाजात म्हणायचे. बैल नुसता मान हलवायचा, पण आम्ही पोरं म्हणायचो की हो म्हणाला.

पोळ्याच्या दिवशी तोरण, झडत्या (बैलांपुढे म्हणायच्या यमकातल्या ओळी), पूजा, सगळं तुम्हाला माहीत आहे. त्याच दिवशी रानातून पळसाच्या फांद्या आणतात. त्यांना आमच्याकडे मेढे म्हणतात. घराच्या दाराशी दोन्ही बाजूंनी मेढे ठेवायचे, गोठ्याच्या दाराशीही ठेवायचे. रात्रभर ते तिथंच राहतात. घरातलं जे काही दुखणंखुपणं आहे ते रात्रीत त्या मेढ्यांत उतरतं, अशी समजूत.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत घरची माणसं आणि पोरं ते मेढे उचलतात, घरातून गोठ्यातून फिरवतात आणि ओरडत ओरडत गावाच्या शिवेवर नेतात. ओरडायचं काय? 'इडा पिडा, रोगराई, खासी-खोकला, माशा-मुरकुटे, ढेकूण-पिसवा घेऊन जा गे मारबत!' सगळ्या गल्ल्यांतून एकाच वेळी हा आवाज उठतो. शिवेवर सगळ्यांचे मेढे एका ठिकाणी टाकतात आणि पेटवतात. ओला पळस लवकर पेटत नाही, धूरच जास्त होतो, डोळे चुरचुरतात, आणि कोणीतरी वडीलधारं म्हणतं, मागं वळून पाहू नका रे. मग परत येताना रानातून औषधी पाला, मुळ्या घेऊन यायच्या.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'माशा-मुरकुटे'. श्रावण सरता सरता आमच्याकडे धानाच्या बांध्यांत पाणी भरलेलं असतं, गोठ्यात चिखल-शेण, आणि माशा-चिलटांनी गुरं आणि माणसं दोघंही हैराण. घराघरात खोकला. त्याच दिवसांत ही ओरड. यात राणी कुठे आहे, इंग्रज कुठे आहे? मारबत ही पावसाळ्याच्या शेवटाला रोगाला गावाबाहेर घालवायची रीत आहे. आणि आमच्या गावात तिला चेहरा नाही, ती नुसती हाक मारायची आहे.

वैनगंगापार

झाडीची_लेक, अगदी हेच आमच्याकडे. मी बालाघाटचा, पोवार. आमच्या भागात नारबोद म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे असाच आरडाओरडा, असंच शिवेबाहेर नेणं. तिथं ना भोसल्यांचा वाडा होता ना इतवारी. त्यामुळे बाकाबाईवरून प्रथा पडली म्हणणाऱ्यांनी बालाघाटलाही उत्तर द्यायला हवं.

मुळामुठा

पुण्याहून वाचतेय. मारबतीबद्दल फक्त बातम्यांत वाचलं होतं, मेढ्यांबद्दल तर पहिल्यांदाच. कृपया कोणीतरी बडग्यांबद्दलही लिहा. आणि एक शंका: काळी आणि पिवळी अशा दोन कशाला?

ग्रंथसंग्रह

धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याशी अंशतः असहमत, म्हणून लिहितो.

मेढ्यांची रीत जुनी आहे, त्यात वाद नाही. पण 'तेवीस वर्षांनी राग कसा' या प्रश्नाला उत्तर आहे. १८५४ मध्ये नागपूरकरांनी काय पाहिलं ते आठवा. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल लिलावात कवडीमोलानं विकले गेले. जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं. दरबार संपला आणि दरबारावर पोट असलेले शिपाई, कारागीर, विणकर, सराफ सगळे उघड्यावर आले. त्या वेळी जो पंधरा वर्षांचा होता तो १८८१ मध्ये बेचाळीस वर्षांचा कर्ता माणूस होता. त्याला सगळं स्वच्छ आठवत असणार. पुतळा करायला, वर्गणी काढायला, मिरवणूक न्यायला हीच माणसं पुढे असतात. तेव्हा तेवीस वर्षं मला फार वाटत नाहीत.

दुसरं, १८५७. जूनमध्ये नागपूरजवळच्या टाकळीच्या घोडदळात उठावाची तयारी झाली होती, ती फसली आणि माणसं फासावर गेली. शहरातून पाठबळ मिळालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न लोकांच्या मनात राहणारच. त्यात बाकाबाईंनी शांतता राखली याची इंग्रजांनी कदर केली आणि त्यांच्यानंतर दत्तक जानोजींना देऊरचे राजाबहादूर हा किताब दिला. सरकारनं दिलेलं बक्षीस लोक विसरत नाहीत. ज्या घराण्यानं राज्य गमावलं त्याच घराण्याला १८५७ नंतर किताब मिळतो, हे पाहणाऱ्याला बाकाबाईंबद्दल काय वाटलं असेल?

म्हणून बाकाबाईंची गोष्ट वर्तमानपत्रांनी रचली असं मी म्हणणार नाही. ती शहरातच जन्मली असावी.

जुनीशुक्रवारी

ग्रंथसंग्रह, मुद्दा वजनदार आहे. लोकांच्या आठवणीत राग होता हे मान्य. तरी माझा प्रश्न उरतो, तो क्रमाचा. आधी राग आणि मग पुतळा, की आधी पुतळा आणि मग त्यात राग?

दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे गजर. झाडीची_लेक यांच्या गावचा आणि आपला गजर शब्दशः जवळजवळ सारखा आहे. नागपूरच्या गजरात राज्य, फितुरी, इंग्रज यातलं काही नाही. असतो तो रोग, पीडा, खोकला. राजकीय रागातून जन्मलेल्या मिरवणुकीची घोषणा अशी नसती. गोष्टी बदलत जातात, नवी माणसं नव्या गोष्टी सांगतात, पण हजार माणसं एकत्र ओरडतात ते सहसा बदलत नाही. नेमके शब्द पिढ्यानपिढ्या तोंडात राहतात.

दुसरी म्हणजे पिवळी. काळी जर बाकाबाई असेल तर चार वर्षांनी शेजारच्या वस्तीनं पिवळी कशासाठी काढली? बुधवारीकर सांगतात त्याप्रमाणे ती आई आहे, पूतना आहे, बाळांचं दुखणं नेणारी आहे. काळीकडेही बाया बाळं घेऊन जातातच की. फितूर राणीच्या पायावर कोणी लेकरू ठेवील?

मुळामुठा, दोन कशाला याचं माझ्या मते साधं उत्तर: दोन वस्त्या, दोन समाज, प्रत्येकाला आपली मारबत हवी. आता दोघी इतवारीत भेटतात आणि ती भेट पाहायलाच सगळ्यात जास्त गर्दी असते.

तिसरा मुद्दा अवांतर आहे पण सांगायचा मोह आवरत नाही. त्याच दिवशी होणारा तान्हा पोळा, लहान मुलांचा लाकडी बैलांचा, दुसऱ्या रघुजींनी सुरू केला असं मानतात. मुलं चाकांवरचा सजवलेला लाकडी बैल ओढत घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. म्हणजे एकाच दिवशी सकाळी बाकाबाईंच्या नावानं आग आणि संध्याकाळी त्यांच्या यजमानांच्या नावानं लेकरांना खाऊ.

कागदलगदा

मी पुतळे बनवणाऱ्यांपैकी आहे. मारबतीचं काम पिढ्यानपिढ्या करणाऱ्या घरातला नाही, पण लहानपणापासून त्यांच्यात बसून शिकलो, म्हणून कामाच्या बाजूनं दोन शब्द.

आधी बांबू. उभे बांबू म्हणजे हाडं, त्यावर कमच्या वाकवून बरगड्या, पोट, मांड्या. सांधे सुतळीनं आवळतात. ही चौकट बसवणाऱ्याचा हात हाच सगळा प्रकार. कारण ही बाई हलणार आहे, अरुंद गल्लीतून वळणार आहे, लोक तिला ओढणार, हात लावणार, हार घालणार आणि वर भाद्रपदातला पाऊस. मग तरट, गवत, जुने कागद. त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थरावर थर. एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही, आणि श्रावणात काही वाळत नाही! त्यामुळे काम लवकर सुरू करावं लागतं. खळीला उंदीर आणि झुरळं लागतात म्हणून आमचे उस्ताद त्यात मोरचूद घालायचे. शेवटी रंग आणि सगळ्यात शेवटी डोळे.

डोळ्यांबद्दल सांगतो. काळीचे डोळे वटारलेले, पांढरं जास्त आणि बुबुळ लहान. खालून पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की ती माझ्याकडेच पाहतेय. म्हणून बुबुळ मधोमध न काढता जरा खाली काढायचं. उस्ताद हे करताना परांचीवर चढायचे, परत उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, मान वर करून बघायचे, परत चढायचे. बुबुळ जमलं की हातातला ब्रश तिथंच ठेवून नमस्कार.

आता मूळ प्रश्नाकडे. मला या बाईच्या घडणीत राणी कधीच दिसली नाही. राणीची टवाळी करायची असती तर कारागिरानं नऊवारी, नथ, वाड्याचा थाट दाखवला असता, ओळख पटली पाहिजे ना! बडग्यात आम्ही तेच करतो, ज्याची टवाळी त्याची टोपी, त्याचा चष्मा, त्याची मिशी हमखास दाखवतो. मारबतीत तसं काही नाही. मोठं शरीर, मोठं तोंड, मोठे डोळे. ही गिळणारी बाई आहे. रोग गिळायला बसलेली. पूतनाच म्हणा.

ग्रंथसंग्रह

कागदलगदा, हा पुरावा कागदपत्रांत सापडला नसता. ओळख पटवणाऱ्या खुणा नसणं हे मला खरंच महत्त्वाचं वाटतं. बाकाबाईंचा राग शहरातला होता यावर मी ठाम आहे, पण तो पुतळ्याच्या घडणीत उतरलेला नाही हे मान्य करावं लागेल.

मस्कासाथचा

बडग्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो 😊

बडग्या म्हणजे पोट्ट्यांचं राज्य. मारबत मोठ्यांची, परंपरेची, तिचा चेहरा बदलत नाही. बडग्या दरवर्षी नवा. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यावरचे खड्डे, पेपरफुटी, दहशतवाद, त्या वर्षी लोकांना जे खुपलं त्याचा बडग्या. गळ्यात पाटी आणि पाटीवर 'घेऊन जा गे मारबत'. पाटी लिहिणं ही वेगळीच कला आहे बावा, दोन ओळीत यमक जुळलं पाहिजे आणि वाचणारा हसला पाहिजे. मोठे बडगे मंडळांचे असतात, ठेल्यावर नाहीतर ट्रॅक्टरवर.

पण खरी मजा गल्लीतल्या लहान बडग्याची. आमच्या गल्लीत पोळ्याच्या आधी पोट्टे घरोघरी फिरत. तुटलेला झाडू, फाटका पायजामा, जुनं टायर, पुठ्ठे, फुटकं मडकं डोक्यासाठी. आई म्हणायची, घेऊन जा सगळं, घर साफ होते. बडग्याच्या पोटात घरातलं भंगार भरायचं आणि दुसऱ्या दिवशी तो गल्लीभर फिरवून जाळायचा. आता टायर जाळत नाहीत, ते बरंच झालं, त्या धुरानं रोग जायच्याऐवजी यायचा.

आता झाडीच्या ताईचं वाचलं आणि डोक्यात आलं, घरातलं नको ते मेढ्यात उतरते आणि गावाबाहेर जाते. आमच्या बडग्यात पण तेच तर भरत होतो आम्ही!

मुळामुठा

मस्कासाथचा, किती छान लिहिलंत! गोव्यातला नरकासुर आठवला. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यातली मुलं कागद, गवत आणि फटाके भरून नरकासुर करतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. तिथेही आता मोठे पुतळे, स्पर्धा वगैरे आहे. पण नरकासुराची पूजा कोणी करत नाही. ओटी भरून मग जाळायचं हे मला मारबतीतच दिसतंय.

बुधवारीकर

मुळामुठा, अगदी मनातलं बोलल्या. यासाठीच म्हणतो, तिला फितूर म्हणू नका.

झाडीची_लेक

माझ्या मनात एक प्रश्न घोळतोय. गावात चेहरा नसलेली मारबत शहरात आल्यावर तिला एवढं मोठं शरीर का मिळालं? कोणी सांगू शकेल?

जुनीशुक्रवारी

झाडीची_लेक, हाच प्रश्न मी या धाग्यातून शोधत होतो, नीट मांडता येत नव्हता. माझा तर्क सांगतो, तर्क म्हणूनच घ्या.

१८८१ च्या आसपासचं नागपूर डोळ्यांपुढे आणा. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालेलं, १८६७ मध्ये रेल्वे आलेली, १ जानेवारी १८७७ ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झालेली. भंडारा, उमरेड, पवनी, सगळीकडून माणसं कामाला आली. कोष्टी, तेली, कुणबी, मजूर. इतवारी, बुधवारी, मस्कासाथ या वस्त्या दाट होत गेल्या. या माणसांनी पोळा सोडला नसणार आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतही नाही. पण इतवारीत पळस कुठून आणणार? आणि मेढे टाकायला शीव कुठे आहे? गावात प्रत्येक घर आपापला मेढा उचलतं आणि शिवेवर सगळे एकत्र येतात. शहरात शीव हाताशी नाही, म्हणून आधी सगळं दुखणं एकाच ठिकाणी गोळा करावं लागलं. शंभर घरांच्या मेढ्यांचं काम एका बाईनं करायचं, तर ती बाई मोठीच हवी. आणि लांब न्यायची तर मिरवणूक हवी. पिवळी आजही नाईक तलावाच्या बाजूला नेतात. पाण्याचा काठ ही शहरातल्या माणसाला मिळालेली शीव.

त्यात पटकी, देवी, ताप हे त्या काळातल्या दाट वस्तीत कायमचे पाहुणे. भीती मोठी, म्हणून मारबत मोठी. मग एवढी मोठी काळी बाई रस्त्यावरून जाताना पाहून कोणीतरी म्हटलं असेल, ही कोण? आणि जुन्या माणसाच्या तोंडून नाव आलं असेल, बाकाबाई. ग्रंथसंग्रह यांचा राग इथे बसतो.

ग्रंथसंग्रह

हा क्रम मला मान्य होण्यासारखा आहे. एक भर: सभा-भाषणांवर सरकारची नजर असताना धार्मिक मिरवणुकीत लोकांना एकत्र येता येतं आणि सूचक बोलता येतं. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीच्या दिवसांत बडग्यांना आणि बाकाबाईंच्या गोष्टीला जोर चढला असेल तर नवल नाही. त्या काळात फितुरीची गोष्ट सांगणं हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांवर बोट ठेवणं होतं.

मात्र बाकाबाईंबद्दल एक मागणी करतो. वाड्याला आग लावायची धमकी देणारी सत्तरीतली बाई आणि १८५७ मध्ये उठाव रोखणारी बाई एकच होती. वर्तमानपत्रांत दुसरं छापतात, पहिलं छापत नाहीत. या वर्षी कोणी मारबतीवर लेख लिहिणार असेल तर दोन्ही लिहा.

वैनगंगापार

कोरोनाचं कोणी लिहिलं नाही. २०२० मध्ये मिरवणूक निघाली नाही. रोगराई नेणारीला रोगामुळेच घरी बसावं लागलं. त्या वर्षी आमच्या गावात मात्र नारबोद नेहमीपेक्षा जोरात झाली, ज्यांनी कधी पहाटे उठून ओरड केली नाही ते पण उठले. शिवेवर उभे राहून लोक रोगाचं नाव घेऊन ओरडत होते. खोकल्याच्या जागी कोरोना, बाकी सगळं तेच.

झाडीची_लेक

जुनीशुक्रवारी, शिवेचा मुद्दा मनाला पटला. माझ्या चुलत भावाला आज फोन करून विचारलं. तो म्हणतो, गावात आता ट्रॅक्टर झाले, बैल थोड्याच घरी राहिले, पण मेढे अजून सगळ्या घरी ठेवतात. बैल नसलेल्या घरीसुद्धा. म्हणजे मेढा बैलासाठी कधीच नव्हता, माणसासाठी होता. हे तुमच्या तर्काच्या बाजूनं आहे असं मला वाटतं.

कागदलगदा

यावरून आठवलं. उस्ताद मारबतीच्या चौकटीत पहिल्या दिवशी एक हिरवी फांदी बांधून ठेवायचे, कागदाचे थर चढायच्या आधी. आम्हाला वाटायचं शुभ म्हणून असेल. कुठल्या झाडाची होती ते मी त्या वेळी पाहिलं नाही. आता त्यांच्या मुलाला विचारतो.

जुनीशुक्रवारी

कागदलगदा, नक्की विचारा, आणि फांदी पळसाची निघाली तर फोटोसकट टाका! बाकीच्यांना विनंती: वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, छिंदवाडा इकडचं कोणी असेल तर तुमच्या गावचा गजर जसाच्या तसा लिहा. 'घेऊन जा गे' म्हणतात की 'घेऊन जाय वो', आधी खोकला येतो की माशा, हे सगळं हवंय. गावाचं आणि तालुक्याचं नाव विसरू नका.

मस्कासाथचा

सासुरवाडी उमरेडची आहे, सासूबाईंना विचारून आत्ताच टाकतो: 'इडा पिडा, खासी खोकला, राई रोग घेऊन जाय गे मारबत'. माशा नाहीत त्यांच्याकडे. सासूबाई म्हणतात, माशा आमच्या गावात पहिलेपासून कमी होत्या 😊 बाकी मेढ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, हो ना, पळसाचेच, दुसरं कोणतं झाड चालते का?